सहा वीत तीन बोटं

माझ्या बायकोला माझे सगळे पासवर्ड ठाऊक आहेत. बँकेचा, मेलचा, ऑफिसच्या लॅपटॉपचासुद्धा. ही गोष्ट मात्र तिला ठाऊक नाही. आई जिवंत होती तोवर तिलाही सांगितली नाही – खरं तर तिला सांगायचीच हिंमत सगळ्यात कमी होती. मित्रांमध्ये बसलो, दोन घोट पोटात गेले, लोक आपापल्या जुन्या चुका एकेक काढायला लागले, तेव्हाही मी ही गोष्ट आत दाबून दुसरीच कुठली तरी हलकी चूक सांगून वेळ मारून नेली. आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जातंय का? असेल तसंही.

सांगायला बसलं की पहिली अडचण येते ती गोष्टीच्या आकाराची. ऐकणारा म्हणेल, एवढंच? कोडमध्ये एक बग होता, तू बोलला नाहीस, पुढे काय? मी स्वतःलाही कितीतरी वर्षं हेच सांगत आलो. किरकोळ आहे. पण किरकोळ गोष्ट माणसाला रस्ता बदलायला लावते का? दादरहून वरळीला जायचं तर मी बीडीडी चाळींवरून जाणारी बस सोडतो आणि लांबच्या वळशाची धरतो. पंधरा वर्षांहून जास्त झाली.

आधी काम काय होतं ते सांगतो.

लोअर परळला एका बंद गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस होतं. एक जुनी शेड, मध्ये काचा घालून तिचे तुकडे केलेले. आमच्या तुकड्यात कापड तपासायचं मशीन बनत होतं. टेबलावरून कापड हळूहळू सरकतं, वर कॅमेरा टांगलेला, आणि कॉम्प्युटर त्यातला दोष शोधतो – तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, जाळी – आणि तो डाव्या किनारीपासून किती अंतरावर आहे ते सांगतो. कोड लिहायचं माझ्याकडे होतं. आमचे सर – कंपनी त्यांचीच – बाहेरून गिऱ्हाईक आणायचे आणि आत येऊन विचारायचे, कधी होणार?

शेडच्या त्या कोपऱ्याचं छप्पर बुटकं. कॅमेरा उंच टांगता येत नव्हता, म्हणून रुंद दिसणारी लेन्स घ्यावी लागली. अशी लेन्स खोटारडी असते. मधलं सरळ दाखवते आणि कडेच्या रेघा वाकवते. ती किती वाकवते ते कॉम्प्युटरला शिकवावं लागतं, म्हणजे तो त्या परत सरळ करून मोजतो. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. करायचं साधं असतं – काळ्या-पांढऱ्या चौकटींचा, बुद्धिबळाच्या पटासारखा एक फळा कॅमेऱ्यासमोर वेगवेगळ्या कोनांत धरायचा, वीसेक फोटो काढायचे. चौकटींच्या रेघा खऱ्या सरळ आहेत हे आपल्याला ठाऊक असतं, त्यावरून कॉम्प्युटर लेन्सचा वाकडेपणा काढतो. शेवटी एक आकडा देतो – हिशोबात किती चूक उरली. आकडा लहान, म्हणजे काम चांगलं. माझा आकडा पॉइंट तीन आला होता. उत्तम. सरांनी तो पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहून भोवती गोल काढला होता.

आता मशीनने सांगितलेलं खरं आहे हे कशावरून ठरवायचं? कुणीतरी जाणत्या माणसाने तेच कापड डोळ्यांनी तपासायला हवं, दोष कुठे आहेत ते लिहायला हवं, आणि मग दोन्ही याद्या जुळवून बघायच्या. सरांनी विचारलं, असा कोणी माणूस मिळेल? मी म्हणालो, मिळेल. किती अभिमानाने म्हणालो होतो मी.

बाबीकाका माझे सख्खे काका नव्हेत. आमच्या गावचे, कुडाळकडचे. वडिलांच्याच गिरणीत कामाला. बाबा साच्यावर, म्हणजे मागावर, आणि काका फोल्डिंग खात्यात, तयार कापड तपासायला. संप झाला तेव्हा मी दुसरीत होतो. मोठी माणसं दिवसाढवळ्या घरी असतात याचंच आम्हा पोरांना अप्रूप वाटायचं. त्यामागचं नंतर कळलं. सकाळी सभा असेल तर सगळे जात, नाहीतर परळच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत बसत. काका वरळीच्या बीडीडी चाळीतून चालत यायचे. आणि वेळ जाईना म्हणून त्यांनी एक खेळ काढला होता. कुणी म्हणायचं, हे दार किती? काका हाताची वीत टाकत जायचे, उरलेलं बोटांनी मोजायचे आणि सांगायचे. मग खालच्या मजल्यावरच्या सुताराची टेप आणायची आणि ताडून बघायचं. गॅलरीचा कठडा, पाण्याचं पिंप, माझी उंची. अर्ध्या बोटाचा फरक पडला तर खूप. माझे बाबा म्हणायचे, याची वीत सरकारमान्य आहे, तिच्यावर शिक्का मारायचा तेवढा राहिलाय.

फोल्डिंगची ती पद्धतच होती. साहेबाकडे टेप, तपासणाऱ्याकडे हात. कापड सरकत असताना टेप धरत बसायला वेळ कुठे? डोळ्याने दोष दिसला की डाव्या किनारीपासून वीत टाकत जायचं – एक, दोन, तीन – आणि पुकारायचं. वर्षानुवर्षं तेच करून त्यांच्या हाताला माप बसलेलं. ताणा कुठला, बाणा कुठला, तुटलेला धागा उजेडासमोर कसा दिसतो, हे मला काकांनी त्याच गॅलरीत आईचं जुनं लुगडं धरून दाखवलेलं. हे सगळं मी का सांगतोय? कारण मला ठाऊक होतं. सरांना ठाऊक नव्हतं, मला होतं. हे लक्षात ठेवा.

संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. काही वर्षं इकडेतिकडे, मग हिंदमाताला एका साड्यांच्या होलसेल दुकानात लागले – आलेला माल तपासायचा, डागी साड्या बाजूला काढायच्या. त्यांना विचारायला मी दुकानात गेलो तेव्हा गठ्ठ्यांच्या मागून बाहेर आले. साठीच्या आसपासचे, काटक. सकाळी दुकान उशिरा उघडतं, तेवढ्या वेळात दोन-तीन तास येईन म्हणाले. मी पैशांचं बोललो तर हात हलवला – "ता मगे बघू. झिला, परत गिरणीत जावक मिळता, ता काय कमी?"

तर काका येऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर हात फिरवला, वरचा कॅमेरा बघितला आणि विचारलं, हा कापडाला हात कधी लावतो? मी म्हटलं, लावत नाही, नुसता बघतो. "कापडाक हात लावल्याबगर कापाड कळना नाय," ते म्हणाले, पण भांडायला म्हणून नाही. मग वहीत लिहायला सुरुवात. शाळेची वही, त्यांचं ते गोल, सावकाश अक्षर. जाळी, दोन वीत. गाठ, चार वीत एक बोट. तेलडाग, सहा वीत तीन बोटं. वितीचं माप इंचात मांडायला मी त्यांचा हात पोलादी पट्टीवर ठेवून तीन वेळा मोजला. तिन्ही वेळा साडेआठ इंच, केसभरही इकडेतिकडे नाही.

आणि याद्या जुळेनात.

म्हणजे पूर्ण बिनसलं असतं तर बरं होतं – मोठी चूक सापडते. इथे डाव्या किनारीजवळ सगळं छान जुळायचं. मध्यापर्यंत जवळजवळ ठीक. आणि उजवीकडे सरकावं तसा फरक वाढत जायचा. उजव्या किनारीला मशीन आणि काका यांच्यात चक्क चार बोटांचं अंतर. रोज. प्रत्येक ताग्याला.

तीन आठवडे मी त्या चार बोटांच्या मागे होतो. ज्यांनी असं काम केलंय त्यांना कळेल. ज्यांनी नाही त्यांना कसं सांगू? दातात अडकलेल्या सुपारीच्या तुकड्यासारखं असतं ते – जीभ तिथेच. पहिला संशय चौकटींच्या त्या पटावर. कागदावर छापून प्लायवूडला चिकटवला होता, हवेतल्या दमटपणाने त्याला फुगे आलेले. काढून टाकला. लालबागच्या फ्रेमवाल्याकडून काचेवर करून घेतला, तो मला म्हणाला, "साहेब, काचेवर मोहरे घसरतील हां." परत वीस फोटो, परत पॉइंट तीन, परत चार बोटं. मग लेन्स बदलली. तीच गत. मग वाटलं, कापड तिरकं सरकतंय. रूळ काढून परत बसवले, लेव्हलचा बुडबुडा बघत. चार बोटं. मग प्रत्येक चौकट व्हर्नियरने मोजली. चौकटी मोजत बसलेला इंजिनियर बघून सरांनी कपाळाला हात लावला.

घरी चिडचिड. जेवताना खिडकीच्या चौकटीकडे बघून मनात यायचं, ही रेघ वाकडी आहे. बाथरूमच्या फरशा, कॅलेंडरची कड – सगळं वाकडं दिसायला लागलं. बायको एकदा म्हणाली, माझ्याकडे असं काय बघतोस, मी पण वाकडी दिसते का? मला हसूसुद्धा आलं नाही. उगाच तिच्यावर ओरडलो.

सर रोज विचारत. गिऱ्हाईक बघायला येणार, तारीख ठरलेली. आमच्यातल्या एकाला त्याआधीच्या महिन्यात कामावरून काढलं होतं, त्याचं रिकामं टेबल माझ्यासमोरच. एक दिवस सरांनी सगळ्यांदेखत विचारलं – कोड तपासलंस का नीट? आणि मी – तापलेला, झोप अर्धवट, अपमान झालेला – मी छातीठोकपणे सांगितलं, की कोडमध्ये काही नाही. ओळन्‌ओळ बघितली आहे. माझी जबाबदारी.

ओळन्‌ओळ बघितली होती, हे खरं होतं. पण बघणं म्हणजे दिसणं नव्हे ना?

दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. या फरकाचं काय करायचं ते ठरवायला सरांनी बैठक ठेवली होती, तिच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी दुकान बंद होतं, म्हणून काका दुपारपर्यंत थांबले होते. माझ्यापासून दहा पावलांवर खिडकीच्या कठड्यावर बसून डब्यातली भाकरी खात होते. मी वैतागून शेवटचं म्हणून एक केलं – तो काचेचा पट टेबलावर, उजव्या कडेला, कापडाच्या जागी ठेवला आणि मुख्य प्रोग्रॅम चालवला. सरळ केलेल्या चित्रात पटाच्या रेघा वाकड्या. अगदी थोड्या, पण वाकड्या. आणि कॅलिब्रेशनच्या प्रोग्रॅममध्ये त्याच कॅमेऱ्याला त्याच रेघा सरळ. एकच लेन्स, तेच आकडे – मग इथे सरळ आणि तिथे वाकडं कसं? दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवली. एक दुसऱ्यापेक्षा अरुंद होतं.

अरुंद मीच केलं होतं. अगदी पहिल्या आठवड्यात. डाव्या बाजूच्या ट्यूबलाइटची चकाकी चित्रात यायची, म्हणून मुख्य प्रोग्रॅममध्ये तेवढी पट्टी मी कापून टाकली होती. एक ओळ. ती लिहून विसरून गेलो होतो. पण रेघा सरळ करायच्या तर चित्राचा मध्य कुठे आहे ते ठाऊक हवं, कारण लेन्स मध्यापासूनच वाकवत जाते. पट्टी कापली तसा मध्य सरकला. कॉम्प्युटर मात्र जुनाच मध्य धरून बसला होता – मी त्याला सांगितलंच नव्हतं. तो पॉइंट तीन आकडा खरा होता, पण न कापलेल्या चित्राचा. तीन आठवडे मी पट बदलले, लेन्स बदलली, रूळ बदलले. ती ओळ डोळ्यांसमोरून रोज जात होती.

मध्याचा आकडा बदलला. काकांच्या वहीतला एक जुना तागा परत चालवला. तेलडाग. मशीन म्हणालं – सहा वीत आणि तीन बोटं होतात तेवढंच अंतर.

माझा श्वास मोठ्याने सुटला असावा. काकांनी वर बघितलं. "गावला काय रे?"

मी म्हणालो, "नाय काका. बघतोय अजून."

हे का म्हणालो? गेली इतकी वर्षं मी या वाक्याभोवती फिरतोय. विचार करून म्हणालो असतो तर निदान कारण सापडलं असतं. जीभ पुढे गेली. आदल्या दिवशी सगळ्यांदेखत घेतलेली शपथ डोळ्यांसमोर होती, ते रिकामं टेबल होतं. पण ही कारणं मी नंतर गोळा केलेली आहेत. त्या क्षणी फक्त एवढंच होतं – आत्ता नको. उद्या सांगू. काकांनी मान हलवली आणि डबा धुवायला गेले. मी जुना, चुकीचा आकडा परत टाकला आणि मशीन बंद केलं.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. रात्रभर होती. सकाळ होती.

बैठकीत सर आणि मी दोघंच. काका बाहेर टेबलापाशी. सरांनी फळ्यावरचा पॉइंट तीन दाखवला आणि आपण होऊनच सुरुवात केली – "हे बघ. कॅलिब्रेशन ओके. कोड तू म्हणतोस ओके. मग राहिलं कोण? माणूस वितीने मोजतो, यार. प्रत्येक वितीला थोडं-थोडं चुकलं तरी सातव्या वितीला चार बोटं होणारच ना? डावीकडे जुळतं, उजवीकडे वाढत जातं. सिंपल आहे."

आणि खरंच सिंपल होतं. माझ्या चुकीला वितीच्या चुकीचा आकार होता. कुणीही फसला असता. मग ते माझ्याकडे वळले. तू ओळखतोस त्यांना लहानपणापासून, तुला काय वाटतं?

इथे मी नुसता गप्प राहिलो असतो तर कदाचित हे लिहायला बसलो नसतो. मी गप्प राहिलो नाही. मी म्हणालो – वय झालंय त्यांचं. वयाबरोबर बोटं आखडतात. वीत लहान होत जाते, त्यांना कळत नसेल.

ज्या हाताची वीत मी स्वतः पट्टीवर तीन वेळा मोजली होती, त्या हाताबद्दल.

सर म्हणाले, बरोबर. वाईट वाटतं, पण तूच सांग त्यांना. तुझे आहेत.

आवाराच्या फाटकाबाहेर चहावाला होता, तिथे नेलं. सांगितलं. मी जे सांगितलं त्यात "मशीन" हा शब्द किती वेळा आला असेल? मशीन म्हणतंय, मशीनच्या हिशोबाने, मशीनचा आकडा. माझं नाव एकदाही नाही. काकांनी ग्लास खाली ठेवला. उजवा हात पुढे धरला, बोटं ताणली, अंगठा आणि करंगळी. त्या वितीकडे बघितलं. मी म्हणणारच होतो – अगदी ओठांवर होतं – तेवढ्यात तेच म्हणाले, "आसात बाबा. मिशीन काय कोणाची भावकी नाय. ती कित्याक खोटा बोलात?" आणि मग माझा चेहरा बघून, "तू कित्याक तोंड पाडून बसलंस? तुझी काय चूक?"

तुझी काय चूक, म्हणाले ते.

चहाचे पैसे त्यांनीच दिले. गिरणीच्या आवारात परत आले नाहीत. फोल्डिंगमधून त्यांना संपाने काढलं होतं. या वेळी मी.

पुढचं भराभर सांगतो, कारण त्यात माझी लबाडी फार साफसूफ आहे. त्याच दुपारी मी मध्याचा आकडा दुरुस्त केला. मग टेप घेऊन मीच कापड मोजलं. सगळं जुळलं. सर खूश – "बघ, माणूस बदलला आणि जुळलं." कोडमध्ये बदल केला की सोबत एक ओळीची नोंद लिहायची असते, कुणी काय बदललं ती. मी लिहिलं – किरकोळ दुरुस्ती. ती नोंद अजून तिथे कुठेतरी असेल. एकदा ऑफिसात कोणी नसताना मी काकांची अख्खी वही नव्या आकड्यावर ताडून पाहिली. सदतीस खुणा होत्या. छत्तीस जुळल्या. सदतिसावी जुळली नाही म्हणून मला – सांगायला लाज वाटते – क्षणभर बरं वाटलं. मग फोटो मोठा करून बघितला. तिथे एक बारीक जाळी होती. मशीनला ती दिसलीच नव्हती. काकांना दिसली होती.

वही मी सरांना दाखवली नाही. मशीन विकलं गेलं, मग आणखी विकली गेली. मला बढती मिळाली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, दोन-तीन तासांचं काम गेलं, काय मोठंसं? पण सहा-सात महिन्यांनी काकी आमच्याकडे आल्या, आईला भेटायला. दोघी चहा घेत होत्या, मी आतल्या खोलीत. काकी सांगत होत्या की यांनी हिंदमाताचं काम सोडलं. दुकानदाराने काढलं नाही, उलट राहा म्हणाला. हेच म्हणाले, माझा हात खोटा झालाय, माझ्या हातून डागी माल गिऱ्हाइकाकडे गेला तर दुकानाचं नाव जाईल. आईने विचारलं, पण घरी बघितलं का मोजून? काकी म्हणाल्या, "रोज बघतत. खाट मोजतत वितीन, मगे टेप लावतत. जुळता. तरी म्हणतत, खाट थोडीच चलता? चलत्या कापडाची गजाल येगळी. मिशीनीन धरल्यान ता खरा." मग म्हणाल्या, दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाला बोटं ठणठणीत आहेत. तर डॉक्टरलाच म्हणाले, तुम्हाला काय कळतं, आमच्या झिलाने बनवलेली मिशीन आहे.

माझ्यावरच्या विश्वासापुढे त्यांनी स्वतःची खाट, स्वतःची टेप आणि डॉक्टर – तिघांनाही खोटं ठरवलं होतं.

मी आतल्या खोलीत उभा होतो. दाराला पडदा होता, पडद्यापलीकडे दोन पावलं. आईने हाक मारली, अरे, काकी आल्यात, बाहेर ये. मी फोन कानाला लावला आणि कुणाशी तरी बोलत असल्यासारखं करत जिना उतरून गेलो. पलीकडे कुणीच नव्हतं.

आई गेली तेव्हा काका आले होते. अंत्ययात्रेला शिवडीपर्यंत चालत आले, त्या वयात. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मी त्यांच्या हाताकडे बघितलं नाही.

त्यानंतर त्या कोडवर मी कितीदा परत गेलो असेन. नव्या पोरांना कॅलिब्रेशन शिकवताना मी आवर्जून सांगतो – चित्र कापलं की मध्य सरकतो, विसरू नका. ती विचारतात, सर, तुम्हाला हे कसं सापडलं? मी म्हणतो, अनुभव. आणि ती लिहून घेतात.

आता मी स्वतः पन्नाशी ओलांडली आहे. मला कुणी येऊन सांगितलं की तुझं डोकं आता चालत नाही, कॉम्प्युटर तसं म्हणतोय, तर मी मानेन का? भांडेन. पुरावा मागेन. काकांनी मागितला नाही. वाटतं, त्यांना पुरावा मागायची सवयच नव्हती – संपात नाही, त्यानंतर नाही. की त्यांना माझ्याकडे मागावासा वाटला नाही? हे मला ठरवता येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग जा ना, सांग त्यांना. बरोबर. हे तुम्हाला सांगणं म्हणजे पुन्हा एकदा जिना उतरून जाणं आहे, हे मला कळतं. तुम्हाला सांगितल्याने त्यांच्यापर्यंत काही पोहोचत नाही.

बाबीकाका आहेत. वरळीला, बीडीडी चाळीतल्या त्याच खोलीत. ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू थोडं कमी येतं, बाकी सगळं लख्ख आठवतं. सकाळी दहानंतर घरीच असतात. त्यांना समोर बसून, मोठ्याने, तीन गोष्टी सांगायच्या माझ्याकडे राहिल्या आहेत – की त्यांचा हात एकदाही चुकला नव्हता, की चूक माझ्या कोडची होती, आणि की त्यांनी "गावला काय रे" असं विचारलं तेव्हा मला ती सापडलेली होती. मी अजून गेलेलो नाही.